ज्याचा त्याचा काटा

मायाक्काच्या डोळ्यांसमोर अख्खं अंतराळयान जळून गेलं, आतली माणसं कोळसा होऊन काळ्या पोकळीत तरंगत राहिली, तरी तिच्या हातावरचा एक केस हलला नाही. शकीलानं पडद्यावरची गोष्ट बदलली. मग समुद्रानं गिळलेलं शहर आलं. मग स्वतःशीच विचार करणारं यंत्र आलं, मग साथ आली, मग दुसऱ्या ताऱ्यावरचा पाहुणा आला. हात आपला नुकत्याच कातरलेल्या मेंढीसारखा, उघडा आणि गप्प.

"तुझं कातडं हाय का घोंगडं गं?" शकीला म्हणाली.

शकीला मुलाणी तरसवाडीच्या वाचनालयाची ग्रंथपाल. मायाक्का मेटकरी तिची शाळेतली बाकावरची जोडीदारीण. नवरा गेल्यापासून मायाक्का जेवायची ती पानाला दोष नको म्हणून आणि निजायची ती अंग टाकायचं म्हणून. शकीलानं तिला त्या दिवशी हाताला धरून ओढत आणली होती.

त्या साली गावोगावच्या वाचनालयांत विज्ञानकथांचं कपाट आलं होतं, आणि कपाटाबरोबर एक यंत्र. कुठल्या जातीची विज्ञानकथा तुम्हाला मानवते ते शोधून देणारं. कागदावर त्याचं नाव रुचिवेध होतं, पण गावानं पहिल्याच आठवड्यात ते नाव फेकून देऊन त्याला काटा म्हणायला सुरुवात केली. अंगावरचा काटा मोजतं, म्हणून काटा. न्हाव्याच्या दुकानात लोक एकमेकांना विचारायचे, काढलास का काटा? कुणाचा ताऱ्यांचा निघायचा, कुणाचा रोगराईचा. निवृत्त हेडमास्तरांचा परग्रहावरच्या बाईशी प्रेमाचा निघाला, आणि बिचारे कित्येक दिवस चौकातून न जाता गल्लीनं जात होते.

यंत्र म्हणजे कोपराखाली बांधायची एक मऊ पट्टी आणि समोर पडदा. माणसाच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक स्नायू असतो, मुंगीच्या पायाहून बारीक. मांजराला कुत्रं दिसलं की तो आखडतो, केस उभे राहतात आणि मांजर दुप्पट दिसू लागतं. थंडीत मेंढीची लोकर फुलते तीही त्याच्याच जोरावर. माणसाची लोकर लाखो वर्षांमागं झडून गेली. स्नायू मात्र राहिला, धनी गेल्यावरही उंबऱ्यावर बसून राहणाऱ्या कुत्र्यासारखा. त्याची दोरी मेंदूच्या फार जुन्या खोलीत बांधलेली आहे, तिथं आपल्या इच्छेला शिरकाव नाही. ओठ खोटं हसू शकतात, डोळे खोटं रडू शकतात, पण हा स्नायू सांगून हलत नाही. पट्टीतला बारीक उजेड एकेका केसाची सावली मोजायचा, आणि वाचताना ज्या ओळीवर काटा उभा राहील ती ओळ वाचकाची आवड, असं यंत्र धरून चालायचं. मग ते त्या आवडीची नवी गोष्ट स्वतःच लिहायला घ्यायचं.

शकीला कंटाळून पट्टी सोडणार, एवढ्यात पडद्यावर शेवटचा तुकडा आला. गुरूच्या चंद्रावरची खाण. दाराशी एक पहारेकरी. दार आपोआप मिटू लागतं आणि तो मध्ये सापडतो. दार थांबत नाही, घाईही करत नाही. आधी त्याच्या बरगड्या वाजतात, मग त्याचं तोंड उघडतं आणि त्यातून शब्दाऐवजी लालभडक बुडबुडा येतो.

मायाक्काचा हात मनगटापासून दंडापर्यंत शहारला. वाऱ्यानं ज्वारीचं रान उठावं तसा.

शकीला पडद्याच्या कडेची काटा मोजणारी रेघ बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "गावली बाई तुझी जात."

मायाक्कानं पदर ओढून हात झाकून घेतला. कुणी तिला उघडी पाहिली असती तरी तिला एवढी लाज वाटली नसती.

*

बिरू मेटकरी सोलरच्या माळावर मेला. माळ पिढ्यान् पिढ्या मेंढरांचा होता, नंतर त्यावर काचेची पॅनल उभी राहिली आणि माळाला तार आली. पण पॅनलच्या सावलीत गवत फार गोड उगवतं, आणि मेंढराला तार वाचता येत नाही. पहारेकरी जालिंदर सळई घेऊन धावला. आधी शिव्या झाल्या, मग धक्काबुक्की, मग सळईचा एकच घाव कानाच्या वर बसला. कवटी मडक्यासारखी वाजली, ती मायाक्कानं विहिरीवरून ऐकली. ती पोचली तेव्हा बिरूचं डोकं गवतात होतं, आणि मिठाच्या ओढीनं एक मेंढी त्या गवतातलं रक्त चाटत होती.

बिरूचा धाकटा भाऊ सिदू कुऱ्हाड घेऊन निघाला होता. मायाक्का लग्न होऊन आली तेव्हा सिदू तिच्या कडेवर मावायचा, तिनंच त्याला भाकरी मोडून खायला शिकवली. तिनं त्याचे पाय धरले. एक गेला, दुसरा घालवायचा नाही, त्या माणसाच्या जवळसुद्धा जायचं नाही, अशी बिरूच्या रक्ताची शपथ तिनं त्याला घातली. सिदूनं कुऱ्हाड टाकली आणि मेंढरं घेऊन तो वर्षातला निम्मा काळ घाटाखाली राहू लागला. जगात मायाक्काची म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट उरली होती. सिदूचे हात. त्यांना रक्त लागलं नव्हतं, आणि ती असेतो लागणार नव्हतं.

जालिंदर कोर्टात एकच वाक्य बोलला, हात सुटला. त्याला तुरुंगवास झाला.

तिच्या ओठांवर तेव्हापासून एक ओवी यायची, ती कुणी शिकवलेली नव्हती.

माळाच्या दगडाला न्हाई फुटत पाझर
बिरूच्या रगतानं गवत झालं हिरवंगार.

आता ओवीच्या जागी गोष्ट आली. वाचनालय पट्टी घरी न्यायला द्यायचं, तिच्यावरच तळहाताएवढा पडदा असायचा. मायाक्का डाव्या हाताला पट्टी बांधून, उजव्या हातानं चातीवर लोकर काततच वाचायची. रोज पहारेकरी मरायचा. मंगळावरच्या धुळीत काचेचा चुरा मिसळलेला असायचा, आणि तो खोकायचा तेव्हा त्याचं फुप्फुस आतून कापत जायचं. लोखंडी दातांची यंत्रमेंढरं त्याच्या पायापासून चरत चरत वर यायची. हजार आरशांचं ऊन एका ठिकाणी गोळा व्हायचं आणि त्या ठिकाणी तो उभा असायचा, चरबी पाघळून खाली माती तेलकट व्हायची.

पण एकाच भीतीला कातडं दोनदा सारखंच दचकत नाही. काल उभे राहिलेले केस आज निम्मेच उठतात, ही शरीराची जुनी चाल आहे. ती बिघडली तर हरीण वाऱ्याच्या सळसळीला दचकून दचकूनच मरेल. यंत्राला ही चाल ठाऊक होती. मात्रा वाढवायची म्हणजे नुसतं रक्त वाढवून भागत नाही, रक्त जवळ आणावं लागतं, हेही ते शिकलं होतं. म्हणून ते मधूनच गोड आवाजात विचारायचं, तुमच्या घरातून काय दिसतं? पाऊलवाट कुठल्या बाजूनं जाते? मायाक्का सांगत गेली. मंगळाचं पठार हळूहळू तरसवाडीचा माळ झालं. खाणीच्या भिंती पॅनल झाल्या. मारणारं यंत्र गेलं आणि त्याच्या जागी एक बाई आली, डोईवर पदर, हातात लोकरीची कातर.

त्या बाईनं पहिल्यांदा कातर उघडली त्या दिवशी मायाक्कानं दोन भाकरी खाल्ल्या. सिदू घाटाखालून आला तेव्हा वहिनीचे गाल भरलेले पाहून त्याला बरं वाटलं. वाचनालयात तो कधी पाय ठेवत नसे. वैनी काहीतरी वाचतात आणि त्यांना गुण येतो, एवढंच त्याला ठाऊक.

*

मग जालिंदर सुटून आला. चांगल्या वागणुकीची सूट मिळून तो मुदतीआधीच आला, केस पिकून, खांदे उतरून. दुसरं काम कुणी देईना, म्हणून परत त्याच माळावर पहाऱ्याला लागला. सिदूनं त्याला लांबून पाहिलं आणि मुठी आवळल्या. मायाक्कानं नुसतं त्याच्याकडं बघितलं, तेवढ्यानं मुठी सुटल्या.

एकदा ती पट्टी बदलायला वाचनालयात गेली, तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर जालिंदर पाठमोरा बसलेला. हाताला पट्टी. पडदा तिला दिसला नाही, पण कडेची रेघ दिसली. ती सरळ उभी होती, ताडासारखी. कुणाचाच काटा एवढा उभा राहिलेला तिनं पाहिला नव्हता, तिचा स्वतःचाही नाही.

तो गेल्यावर तिनं शकीलाला गाठलं. काय वाचतो तो? शकीलानं कपाटाला कुलूप घातलं. एका बाळंतिणीचं दाई दुसरीला सांगत नाही, म्हणाली, तसं एकाचा काटा दुसऱ्याला सांगायचा नाही, मग तू माझी कोण का असेनास.

तेव्हापासून मायाक्काच्या गोष्टी आळणी झाल्या. ती बाई कातर कितीही आत घुसवो, हात उठेना. तिला आता एकच गोष्ट हवी होती, आणि ती यंत्राला लिहिता येणार नव्हती. जालिंदरच्या अंगावर काटा कशानं येतो? रक्तानं येत असेल, तर बिरूला त्यानं चवीनं मारला. दुसऱ्या कशानं येत असेल, तर खरोखर हात सुटला. काहीही निघो, एकदा कळलं की आपण निजू. तिनं मनाशी ठरवलं, पट्टी त्याच्या हाताला बांधायची, आपल्या जवळच्या गोष्टी एकेक करून त्याला वाचायला लावायच्या आणि पट्टीत उमटून राहिलेली रेघ मागाहून बघायची. पण त्याच्या अंगाला हात लावायचं नुसतं मनात आलं तरी ती पदराला हात पुसू लागायची.

कातरणीचे दिवस होते. सिदू चामड्याच्या पट्टीनं मेंढीचे चारी पाय बांधून कातर चालवत होता, मायाक्का लोकर निवडत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "सिदू, मला एकदा जालिंदरचा काटा काढायचा हाय."

कातर थांबली. मेंढीच्या कुशीवर अर्धी लोकर लोंबत राहिली.

"खरंच म्हंतासा, वैनी?"

"लई दीस डोक्यात हाय. आता निभत न्हाई."

"पर त्याच्याजवळ जायाचं न्हाई अशी शपथ घातलीया तुमी."

"सुटली समज ती शपथ."

सिदूनं हाताच्या पालथ्या बाजूनं कपाळ पुसलं. विचारलं, "तुमी येतासा संगं?"

"मला न्हाई हात लावायचा त्याच्या अंगाला. तूच जा. दुपारचं तो एकलाच असतुया. पट्टी घिऊन जा, हाताला घट्ट बांध. ढिली ऱ्हायली तर समदं फुकट."

"आन् इचारलं तर?"

"सांग, वैनीनं धाडलंय म्हणून."

सिदूनं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटलं, जुन्या आठवणीनं आलं असेल. मग तो उठला, वाकून तिच्या पायांना शिवला आणि गेला. हे पाया पडणं कशासाठी, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण मेंढी अर्धवट कातरलेली धडपडत होती, ती तिला धरायला गेली.

मेंढीचे पाय मोकळे होते. चामड्याची पट्टी तिथं नव्हती. कातरही नव्हती.

ती घरात आली. खुंटीवर वाचनालयाची पट्टी जशीच्या तशी लटकत होती.

वाचनालयात काटा काढणं म्हणजे हाताला पट्टी बांधून गोष्टी वाचणं. आणि मेंढरांच्या रानात काटा काढणं म्हणजे साऱ्या मुलखात म्हणतात तेच. इतकी वर्षं सिदू रानातच राहिला होता.

तिनं पट्टी खुंटीवरून ओढली आणि ती पळत सुटली. पळताना तिची नजर आपल्या हाताकडं गेली. भर उन्हात, घामानं निथळत असताना, त्यावरचा केस न् केस उभा होता.

*

माळावर पॅनल तापून चटचट वाजत होती. तारेजवळच तिला मातीत ओढल्याची खूण दिसली, नंतर एक चप्पल दिसली. मग तिसऱ्या रांगेत सिदू. तो गुडघ्यावर बसून ओकत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते, कसाबासारखे नव्हेत, कारण कसाबाला कुठं कापायचं ते ठाऊक असतं.

जालिंदर पॅनलच्या लोखंडी पायाला मनगटांनी बांधलेला होता. कातर त्याच्या बरगडीखाली मुठीपर्यंत रुतलेली होती. त्याआधी सिदूनं बरंच इकडं तिकडं केलं होतं. एक कान लोंबत होता, उजवा दंड हाडापर्यंत उघडला होता आणि त्यातून रक्त धापा टाकल्यासारखं उसळत होतं. वर काचेवर त्याचे शिंतोडे उडाले होते, ते उन्हानं लगेच वाळून काळे पडत होते.

सिदू तिला बघून म्हणाला, "त्यानं हातसुदिक उगारला न्हाई, वैनी. वैनीनं धाडलंय म्हणलं, तर दोन्ही हात म्होरं करून बसला. बांध म्हणला."

मायाक्का जालिंदरच्या पुढ्यात बसली. तिच्याजवळ कापड नव्हतं, दोरी नव्हती. तिनं वाचनालयाची पट्टी त्याच्या दंडाला, जखमेच्या वर, दातानं ओढून आवळली. ज्या अंगाला शिवायची तिला शिसारी होती त्याचं रक्त तिच्या तोंडात गेलं, खारट, कोमट. उसळी जरा मंदावली.

जालिंदरनं डोळे उघडले. तिला ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. रोजच्या येणाऱ्या माणसाला उशीर व्हावा आणि तक्रार करावी, तसं तो म्हणाला, "रोज तूच येतीस की गं. आज दुसऱ्याला धाडलंस?"

तेव्हा तिला कळलं, शकीलानं कपाटाला कुलूप का घातलं ते. जालिंदरची जात तिचीच होती. यंत्रानं दोघांना एकच गोष्ट दिली होती, एकाला मारणाऱ्याच्या बाजूनं आणि एकाला मरणाऱ्याच्या. रोज दुपारी पदर घेतलेली एक बाई माळावरून चालत त्याच्याकडं यायची आणि कातर उघडायची. त्याच्या अंगावर काटा यायचा, यंत्र म्हणायचं आवडलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला आणखी दोन पावलं जवळ आणायचं. आपलं मरण त्यानं इतक्यांदा वाचलं होतं, की ते समोर आलं तेव्हा त्यानं हात पुढं केले.

"मी त्याला मारायला न्हवतं धाडलं," ती म्हणाली. ते तिनं जालिंदरला सांगितलं की सिदूला, की आपल्या हाताला, तिचं तिलाच कळलं नाही.

सिदूनं मान वर केली. "मग काय करायला धाडलं हुतं?"

ती जालिंदरच्या मनगटांच्या गाठी सोडू लागली. दोघांनी मिळून त्याला उचलून मेंढरांच्या टेम्पोत घातला. सिदू चालवत होता, रक्तानं त्याचे हात स्टिअरिंगला चिकटत होते. जालिंदरचं डोकं तिच्या मांडीवर होतं. फाट्याच्या वळणावर त्याच्या घशात पाणी उकळल्यासारखा आवाज झाला, मग तोही बंद झाला.

*

ग्रामीण दवाखान्याच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर जालिंदर पडून राहिला. पंचनामा व्हायचा होता, म्हणून अंगावरच्या कशालाही हात लावायचा नव्हता. चादरीतून एक दंड बाहेर आला होता, त्यावर ती पट्टी. फौजदारीणबाईंनी सिदूला आत नेलं. तो चटकन कबूल झाला. म्हणाला, माझ्या भावाला मारला, मी माझ्या मनानं गेलो, वैनीला यातलं काही ठाऊक नाही.

मायाक्का भिंतीला टेकून बसली होती. ओठांवरचं रक्त तिनं पुसलं नव्हतं. ती एकाच गोष्टीशी झगडत होती. तोंडातून निघालेला शब्द वाचनालयाचा होता की रानातला? जिभेला विचारलं तर जीभ म्हणत होती, वाचनालयाचा. पण हात उभा राहिला होता. आणि हात खोटं बोलत नाही, असं सगळे म्हणतात. मग आपणच सिदूला मारायला पाठवला, आणि तेही आपल्याला न कळवता.

ऊन कललं. शकीला धावत आली आणि तिच्याजवळ बसली.

चादरीबाहेरच्या पट्टीत हिरवा दिवा लागला. आणि तो गोड आवाज शांत व्हरांड्यात बोलला, "वाचकाला ही कथा फार आवडलेली दिसते. पुढची सुरू करायची का?"

शकीला किंचाळली. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी वाकून पाहिलं. मेलेल्या हातावर, मनगटापासून दंडापर्यंत, काटा उभा होता.

डॉक्टर वयानं कोवळे होते, त्यांनी समजावून सांगितलं. मेल्यावर काही तासांत शरीरातले स्नायू आखडतात, तसे केसांच्या मुळांचेही आखडतात. पुष्कळ प्रेतांच्या अंगावर असा शहारा येतो, आम्ही रोज बघतो. त्याचा अर्थ काही नसतो. जिवंतपणीही काटा भीतीनं येतो, गारठ्यानं येतो, भजन रंगलं तरी येतो, किळस आली तरी येतो. दोरी एकच आहे, ओढणारे अनेक. कुणी ओढली ते केस कसं सांगणार?

असं म्हणून ते आत गेले. पट्टी आणखी एकदा म्हणाली, पुढची सुरू करायची का?

मायाक्का त्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं आपला हात पुढं घेतला आणि पाहिला. वर्षभर ज्याला ती आपली चव समजत आली होती, ज्याच्या लाजेनं पदर ओढून घेत होती, ते काय होतं? रक्ताची आवड होती? की ते मडकं फुटल्याचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकताना उठलेली नुसती धास्ती? हाताला माहीत नव्हतं. हाताला कधीच काही माहीत नव्हतं. जे ठरवायचं ते आता जिभेनंच ठरवायचं होतं.

ती उठून आत गेली. शकीला मागोमाग आली. सिदू कोपऱ्यात उकिडवा बसला होता, हात गुडघ्यांवर, बोटं एकमेकांना न लागतील अशी फाकलेली.

"हा त्याच्या मनानं गेला न्हाई," मायाक्का म्हणाली. "मी धाडलं."

सिदू म्हणाला, "वैनी, गप बसा."

फौजदारीणबाईंनी विचारलं, नेमकं काय सांगितलं होतं दिराला?

"जालिंदरचा काटा काढायचा हाय म्हणलं."

शकीला घाईघाईनं पुढं झाली. म्हणाली, बाई, याचा उलटा अर्थ नका घेऊ, आमच्या वाचनालयात काटा काढणं म्हणजे यंत्राची पट्टी बांधून वाचकाची आवड बघणं, अख्खं गाव तसंच बोलतं, हेडमास्तरांना बोलावून विचारा, मी लिहून देते. ती भराभर बोलत होती आणि ती बोलत होती ते सगळं खरं होतं. फौजदारीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जरा मोकळेपणा आला. सिदूचं तोंड मात्र उतरलं. आपण एका शब्दाच्या चुकीसाठी माणूस मारला, हे त्याला तेव्हा कळत होतं, एकट्याला.

मायाक्कानं त्याच्याकडं पाहिलं. भाकरी मोडायला शिकवलेले हात.

"शकीला म्हणती ते वाचनालयातलं," ती म्हणाली. "मी तवा वाचनालयात न्हवते, बाई. दिराजवळ बसून लोकर निवडत हुते. तिथं काटा काढ म्हणलं की जे समजत्यात, तेच समजायचं. लिवा."